बॅज लॉकरमध्ये राहिला, आता सांगू का नको?

"मॅडम, चूक कबूल केली तर घरी बसवतील का हो?" हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, पण यावेळी विचारणारा अणुवीज केंद्रातला कंत्राटी फिटर होता (कुठलं केंद्र ते राहू दे, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील पण बदललेत). झोप लागत नाही म्हणून बायको घेऊन आलेली, तिला वाटायचं रेडिएशनची धास्ती घेतलीय. पण आकडे तर त्याला तोंडपाठ, एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टच्या (अंगाने घेतलेल्या किरणांचं माप) वर नाही, पाच वर्षांत मिळून १०० च्या वर नाही, आणि कंत्राटी माणसाला तर आधीच थांबवतात.

बायको बाहेर गेल्यावर खरं काय ते आलं. शटडाऊनच्या, म्हणजे अणुभट्टी बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या कामात दोनदा त्याने छातीवरचा टीएलडी बॅज आणि पेनासारखा तो डोसिमीटर, अंगावर किती किरणं पडली ते मोजणारे दोन्ही, लॉकरमध्ये डब्यामागे ठेवले आणि तसाच आत गेला, कारण डोस, म्हणजे अंगावर घेतलेल्या किरणांचा हिशोब, मर्यादेपर्यंत भरत आला की बाहेरच्या कामाला लावतात आणि मग ओव्हरटाइम गेलाच. मुकादमाने बघून न बघितल्यासारखं केलं म्हणे.

"बॅज काय करतो?" मी विचारलं.
"मोजतो."
"अडवतो?"
जरा वेळ गप्प. मग, "नाही ना. अंगाने घेतलाच की."

सेफ्टी कल्चर, म्हणजे सुरक्षेला सगळ्यात आधी धरायची सवय, हा शब्द १९८६ च्या चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर रूढ झाला, पोस्टरं तेव्हापासून छापतायत, पण याला किरणांपेक्षा मुकादम जड वाटत होता आणि मला नाही वाटत ती एकट्या त्याची चूक आहे. नोकरी टिकेल अशी हमी मी दिली नाही, देणार कशी? फक्त बोलायची प्रॅक्टिस केली. पहिल्यांदा तो "सॉरी सर, मी लायकच नाही" इथून सुरू झाला, म्हटलं ते सगळं काढा, तारीख, जागा, किती वेळ आत होतात, एवढंच सांगा, आणि मुकादमाला नाही, थेट हेल्थ फिजिक्सवाल्यांना, म्हणजे किरणांपासूनची सुरक्षा बघणाऱ्यांना.

सांगितलं त्याने. सोबत काम करणाऱ्यांच्या बॅजवरून त्याचा डोस अंदाजाने धरला, लेखी ताकीद मिळाली आणि दोन महिने स्टोअरला टाकला. नोकरी राहिली, ओव्हरटाइम गेला. बायको माझ्यावरच नाराज, गणपतीत फ्रिज घ्यायचा होता. झोप लागते म्हणाला, मुकादम मात्र अजून बोलत नाही.