वाशीहून गाडीमागे ओढून नेण्याजोगी, चार जणांसाठी, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दिवसभर फिरायला कोणती मोटरबोट घ्यावी?

१४ फुटांची, पुढून व्ही आकाराच्या तळाची ॲल्युमिनियम बोट आणि १५ ते २० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवायचं) इंजिन घ्या. इंजिन साधारण ५० किलोचं असतं. बोट, ट्रेलर, पेट्रोलची टाकी धरून सगळं ४०० किलोच्या आसपास राहतं, म्हणजे मधल्या आकाराची गाडी ओढू शकते. तरी गाडीच्या मॅन्युअलमधली ओढण्याची मर्यादा आधी बघाच. फायबरची बोट स्वस्त पडेल, पण त्याच लांबीत ती जड असते. अगदी सपाट तळ नको, थोडा वारा सुटला की लाटेवर धाडधाड आपटतो.

खरा त्रास खाऱ्या पाण्याचा. लांबून आल्यावर ट्रेलरची चाकं गरम असतात. ती तशीच पाण्यात घातली की बेअरिंगमधली हवा आकसते, खारं पाणी आत ओढलं जातं आणि बेअरिंग गंजतं. म्हणून अर्धा तास थांबा, हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावून बघा, मगच उतरवा. घरी आल्यावर इंजिनाला नळी लावून १० मिनिटं गोडं पाणी फिरवा. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली, तर गाळ अडकलेला असू शकतो. लगेच बंद करा.

मात्र ठाणे खाडीत ही बोट भरतीलाच चालेल. ओहोटीला कडेला नुसता चिखल उरतो. खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्यात आहे, तिथे परवानगीशिवाय जाऊ नका. आणि पावसाळ्यात बोट घरीच ठेवा.