सहा आणि तीन वर्षांची पोरं, पहिलंच कॅम्पिंग: पवना की भंडारदरा?

तुमचा प्रश्न वाचला. ठाण्याहून निघणार, मुलगी ६ची, मुलगा ३चा, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, नवरा म्हणतोय तंबू विकत घेऊ आणि सासूबाई म्हणतायत थंडीत पोरं आजारी पडतील. आधी सांगते की सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत, थंडीचं नीट बघावंच लागतं, पण त्यासाठी बेत रद्द करायची काही गरज नाही.

पहिलं म्हणजे तारीख बदला. ३१च्या आसपास पवनेला पाय ठेवू नका, रात्री उशिरापर्यंत स्पीकर, शेजारच्या तंबूत बर्थडे, आणि तुमचा तीन वर्षांचा साडेबाराला टक्क जागा. जानेवारीचा दुसरा-तिसरा शनिवार घ्या, त्यातही कालनिर्णय उघडून अमावस्येजवळचा मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण भंडारदऱ्याला तेव्हा आकाश असं काही दिसतं की पोरांना मोबाईल आठवत नाही. जेवण झाल्यावर मुलीला मृग दाखवा. चार पायांचं हरीण, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्याच रेषेत खाली बघत गेलं की तो लखलखणारा व्याध, ज्याने बाण मारला तो. सहा वर्षांच्या पोरांना ही गोष्ट बरोब्बर कळते आणि मग हरणाला लागलं का, ते मेलं का, असे प्रश्न झोपेपर्यंत चालू राहतात, तयारी ठेवा.

मी भंडारदराच म्हणेन. कसारा घाट, इगतपुरी, घोटीला हायवे सोडायचा, लहान मुलांसकट थांबत थांबत ४ तास धरा. दूध, केळी, बिस्किटं जे काय हवं ते घोटीतच घ्या. लेकराला गाडी लागत असेल तर घाटाआधी पोटभर खायला देऊ नका. आणि दुपारी ३-४ पर्यंत पोचाच, हिवाळ्यात सहानंतर पटकन अंधार पडतो आणि अंधारात भुकेलं पोर कडेवर घेऊन तंबू लावणं म्हणजे नवरा-बायकोच्या भांडणाला आमंत्रण.

बुकिंग करताना फोटो बघून भुलू नका, फोन करून तीन गोष्टी विचारा. संडास तंबूपासून किती लांब आणि रात्री तिथे दिवा असतो का. खाली अंथरायला काय देतात. आणि रात्री नाहीच जमलं तर घरात एखादी खोली मिळेल का. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं! शेंडी, रतनवाडीकडची बरीच मंडळी स्वतःच्या शेतात तंबू लावतात आणि घर तिथेच असतं, त्यांच्याकडे गेलात तर पिठलं-भाकरी आणि गरम भातही मिळतो आणि रात्री दोनला पोर रडायला लागलं तर आत जाऊन झोपता येतं. खोलीत झोपलात म्हणून कॅम्पिंग फुकट गेलं असं काही नसतं हो.

आता थंडी. तिकडे रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. सगळे वरून पांघरुणं वाढवत बसतात पण खरा गारठा जमिनीतून येतो. पातळ फोमच्या गादीवर दोन ब्लँकेट घेऊनही पाठ गार पडते. त्यामुळे खाली जाड फोम किंवा योगा मॅट, त्यावर सतरंजी, त्यावर घरची गोधडी, आणि मग वर काय ते. झोपायचे कपडे वेगळ्या पिशवीत कोरडे ठेवा, मोजे-कानटोपीसकट, दिवसभर धावून घामेजलेल्या कपड्यांवर स्वेटर चढवून झोपवलं की पहाटे पोर कुडकुडतं. तंबूची जाळीची खिडकी थोडी उघडीच ठेवा, नाहीतर सगळ्यांच्या श्वासाचं पाणी आतून कापडावर जमतं आणि पहाटे टपकतं. आणि कितीही गारठलात तरी शेगडी, निखारे, मच्छर कॉइल यातलं काही म्हणजे काही तंबूत न्यायचं नाही. निखाऱ्यांच्या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. शेकायचं ते बाहेर, आणि पोरांपासून लांब.

बूट तंबूच्या आत ठेवा, सकाळी उलटे करून झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, विंचू असतात. रात्री शू करायलाही अनवाणी नाही, टॉर्च हवाच. तीन वर्षांच्यासाठी त्याचं पॉटीचं भांडं खुशाल घेऊन जा, लोक हसले तर हसू देत. जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे ते मालकांना आधीच विचारून ठेवा, १०८ नंबर लक्षात असू दे, पण रेंज कुठे येते तेही विचारा. तापाचं औषध वजनाप्रमाणे किती द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पाण्याबद्दल कडक राहा. धरणाचा काठ दिसतो उथळ, पण दोन पावलांवर एकदम खोल जातो आणि चिखलात पाय रुततो. तंबू पाण्यापासून लांब घ्या, "लेकसाइड"चा हट्ट पोरं मोठी झाल्यावर. आणि कोण कधी बघणार ते नावानिशी ठरवा, पाच ते सात बाबा, सात ते नऊ आई असं. "आपण सगळे आहोत ना" म्हणतात तेव्हाच पोर सटकतं.

बाकी रंधा फॉल, सांधण दरी, कळसूबाई वगैरे यादी घरीच ठेवा. फार तर सकाळी रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघा, कोरीवकाम सुंदर आहे आणि शेजारी पुष्करणी आहे, तिथे परत हात धरून. एरवी त्या वयाला दगड, काटक्या, माती आणि मालकांची बकरी एवढं पुरतं.

तंबू विकत घ्यायचा का? आत्ता नको. एखाद्या मित्राकडून उसना आणा आणि जायच्या आधीच्या आठवड्यात हॉलमध्ये लावून पोरांना एक रात्र त्यात झोपवा. धाकटा तिथेच रडला तर निदान घरी आहात. चेन कशी उघडायची तेही मुलीला तेव्हाच शिकवा. दोन-तीनदा जाऊन आलात आणि सगळ्यांना आवडलं की मग घ्या, आणि चौघांसाठी "४ माणसांचा" घेऊ नका, त्यात सामान मावत नाही, ६चा बघा.