फोटोवरून एकांडी मधमाशी ओळखताना

तुझा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला फोटो पाहिला. सुंदर आहे, पण ती एकांडी, म्हणजे पोळ्यात न राहता एकटी राहणारी मधमाशी नाही, तर तिच्यासारखी दिसणारी फुलमाशी आहे. पंख मोज: माशीला दोन, मधमाशीला चार. बसल्यावर चार पंख एकमेकांवर येतात आणि फसवतात, म्हणून मिशाही बघ. माशीच्या मिशा अगदी आखूड असतात.

पुढच्या वेळी एकाच मधमाशीचे वरून, बाजूने आणि समोरून असे तीन फोटो तरी घे. बाजूचा सगळ्यात मोलाचा. पोटाखाली पिवळ्या परागांचा थर दिसला तर ती बहुतेक पानकापी, म्हणजे मेगॅकाइल प्रजातीतली (genus) मादी. बाकीच्या बऱ्याच माद्या पराग मागच्या पायांवर नेतात. नराकडे हे काहीच नसतं, त्यामुळे नर ओळखणं खरंच अवघड.

निळ्या पट्ट्यांची दिसली की लगेच अमेजिला (निळ्या पट्ट्यांची एकांडी मधमाशी) म्हणू नकोस. सलग पट्टे आहेत की सुटे निळे ठिपके, हे झूम करून बघ. ठिपके असतील तर ती थायरिअस असू शकते. ती अमेजिलाच्या घरट्यात चोरून अंडी घालते. दोघी एकाच तुळशीवर भेटतात, आणि मला तर हे दृश्य अजूनही थांबवून ठेवतं.

सरावाला गॅलरीतली फुललेली तुळसही पुरते. सकाळी ऊन आलं की तिच्याजवळ बस. शटर स्पीड १/१००० सेकंदाच्या आसपास ठेव. फोटोसोबत तारीख, जागा आणि झाडाचं नाव लिहीच. आणि जातीपर्यंत (species) पोचण्याची घाई नको. बऱ्याच फोटोंवरून प्रजातीच्या पुढे जाता येत नाही, तिथेच थांबायचं.