मुलुखगिरी म्हणजे फिरणं की लढाई?

ताई, तुमचा भाचा ट्रेकच्या फोटोंखाली 'मुलुखगिरी' लिहितो ते बरोबर का, आणि स्वारी, मोहीम, मुलुखगिरी हे एकच का, असं तुम्ही विचारलंय. आज भटकंतीला मुलुखगिरी म्हणणं चालतं, पण मूळ शब्द फिरण्याचा नाही हो. मुलूख म्हणजे प्रदेश, हा अरबी, आणि फारसीतलं 'गिरी' म्हणजे धरणं, कब्जा करणं. फौज घेऊन दुसऱ्याच्या मुलखात जायचं आणि वसुली करून यायचं, ती मुलुखगिरी. काठेवाडात मराठी फौजा खंडणीसाठी अशाच जायच्या, पुढे १८०७ च्या सुमाराला वॉकर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खंडणीचे आकडे बांधून दिले.

स्वारी म्हणजे नुसतं घोड्यावर बसून निघणं, कशासाठी ते शब्दात नाही. मोहीम पण अरबी, मूळ अर्थ महत्त्वाचं काम, म्हणून पोलिओची मोहीम असते, मुलुखगिरी नसते. याहून जुना आणि सरळ शब्द ऋग्वेदात आहे, लढाईला तिथे गविष्टि म्हणतात, शब्दशः गायींची इच्छा!

आता दसरा बघा. शिलंगण म्हणजे सीमोल्लंघन. आमच्या शिवारात तेव्हा बाजरी खळ्यावर आलेली असते, कापसाची बोंडं फुटायला लागतात, आबा आपट्याची पानं हातात ठेवून सोनं घ्या म्हणायचे आणि या सगळ्याला आपण म्हणतो सोनं लुटणं. पाऊस सरलेला, नद्या उतरलेल्या, शेतात माल उभा, फौजेला निघायला हीच वेळ सोयीची.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो तो आपल्या खानदेशातला चौथाई हा शब्द. १६७० मध्ये सुरतेची दुसरी लूट झाली आणि त्यानंतर प्रतापराव गुजर इकडे आले, गावोगावच्या वतनदारांकडून त्यांनी लिहून घेतलं की सरकारी साऱ्याचा चौथा हिस्सा आम्ही मराठ्यांना देऊ, पैसे भरले की पावती मिळणार, आणि पावती असली की गाव लुटायचं नाही, उलट राखायचं. स्वराज्याला मुघलांशी झुंजायला पैसा लागत होता आणि त्याच कागदात रयतेला राखायचा शब्दही होता, ही दोन कारणं मला तरी वेगळी काढता येत नाहीत. मुलूख मुघलांचा, म्हणजे बादशहाचा सारा गावाला चुकला नव्हताच, देणी दोन आणि बाजरी तेवढीच. चौथाई नुसता दर सांगते, तर सरदेशमुखी, म्हणजे मराठ्यांच्या आणखी दहा टक्के वसुलीचं नाव, त्या वसुलीला वतनाचा, म्हणजे वंशपरंपरेचा हक्क ठरवतं.

आणि २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा त्याला युद्ध न म्हणता 'विशेष लष्करी कारवाई' म्हटलं. कारवाई म्हटलं की समोरचा आपोआप गुन्हेगार ठरतो, आणि जमीन कोणाला हवी होती ते शब्दात कुठेच येत नाही. मुलुखगिरी हा शब्द मला म्हणूनच जास्त खरा वाटतो.

भाच्याला लिहू द्या ताई, चूक नाही. फक्त जुन्या कागदात 'मुलुखगिरीस गेले' असं आलं तर तिथे वसुलीची फौज समजा.