गच्ची गळतेय, एफडी मोडू का?

प्रश्न : मी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालो, आता मुलाकडे जळगावला राहतो. भुसावळचं दुमजली घर भाड्यानं दिलंय. खालचे 8,500 आणि वरचे 7,000 रुपये येतात. दोन पावसाळ्यांपासून वरचं छत गळतंय. ठेकेदारानं 2,10,000 सांगितले. मुलगा म्हणतो, एवढे पैसे म्युच्युअल फंडात टाका, भाडेकरू काय, एक गेला की दुसरा येतो. एफडी मोडावी की दोघा भाडेकरूंचं मिळून 40,000 डिपॉझिट आहे ते वापरावं?

उत्तर : काका, आधी डिपॉझिटचा विषय संपवू. ते पैसे तुमचे नाहीत. भाडेकरू रेल्वेतला असला तर त्याची बदली कधीही होते, आणि त्या दिवशी त्याला रक्कम हातात द्यावी लागते. तिला हात लावू नका.

आता ठेकेदाराचा कागद. त्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग 72,000, वरच्या बाथरूमची पाइपलाइन आणि नहाणी ट्रॅप 38,000, ट्रॉली किचन 60,000 आणि संपूर्ण रंगकाम 40,000 आहे. ही चार वेगळी कामं एका आकड्यात बांधली, म्हणून तुम्ही घाबरलात. पहिली दोन टाळता येणार नाहीत. स्लॅबमध्ये पाणी मुरलं की आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि प्लास्टर सोडवते. सळई उघडी पडल्यावरचं काम या दोन्ही कामांपेक्षा महाग पडतं, शिवाय तोवर प्लास्टरची खपली खाली येऊन कुणाच्या डोक्यात पडली तर प्रकरण पैशांवर थांबत नाही.

ट्रॉली किचन मात्र मला अजिबात पटलेलं नाही. सात हजारांच्या भाड्यात कुणी ट्रॉली मागत नाही. छत कोरडं, नळाला पाणी आणि मे महिन्यात रात्री झोपता येईल अशी खोली मागतात. रंगही आत्ता नको. भिंतीतली ओल पुरती उतरायच्या आत रंग दिला की वर्षात पोपडे निघतात. पुढचा भाडेकरू यायच्या आधी रंगवा. म्हणजे या दोन्हींचे मिळून एक लाख रुपये वाचले, आणि तेवढ्यापुरता मुलाचा सल्ला ऐकायला हरकत नाही.

राहिले 1,10,000. सात टक्के धरले तरी त्यावरचं वर्षाचं व्याज 7,700 होतं. वरचा मजला दोन महिने रिकामा राहिला तर 14,000 जातात. एफडी मोडण्याआधी बँकेत तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून उचल, मागा. व्याजदर एफडीपेक्षा टक्का-दोन टक्के जास्त असतो, पण वर्षभरात भाड्यातून फिटेल एवढी ही रक्कम आहे.

मूळ दुखणं वेगळं आहे. येणारे 15,500 तुम्ही आजवर पूर्ण उत्पन्न समजून खर्च केलेत. आयकर खातं तसं समजत नाही, त्यातला काही भाग घराच्या देखभालीला जातो असं धरतं. वर्षाचं भाडं 1,86,000, त्यातून तुम्ही भरलेली घरपट्टी समजा 6,000 वजा केली, तर उरलेल्या 1,80,000 वर सरसकट 30 टक्के म्हणजे 54,000 ची वजावट मिळते. दुरुस्तीवर एक रुपया खर्च केला नाही तरी मिळते, आणि लाखभर केला तरी तेवढीच. दुरुस्तीसाठी वर्षाला 54,000 बाजूला काढायला जड जातील. ओव्हरड्राफ्ट फिटला की महिन्याला 2,500 तरी वेगळ्या खात्यात टाका. भुसावळकडचं बोअरचं जड पाणी नळ-फ्लशचं काय करतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

कराराचंही बघा. स्टॅम्पपेपरवर सह्या करून कपाटात ठेवलेला कागद पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावा लागतो, ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत. नव्या करारात लिहा : गळती, पाइपलाइन, वायरिंग मालकाकडे, बल्ब, वॉशर, जाळी भाडेकरूकडे. गच्ची झाल्यावर पाच-सातशे वाढवून मागायलाही तोंड राहील.

काम मार्चमध्ये सुरू करा. मेपर्यंत थांबलात तर 45 अंशांत कोबा पाणी मुरायच्या आत वाळतो आणि तडकतो. शिवाय एप्रिल लागला की वरच्या वहिनी गच्चीवर उडदाचे पापड आणि कुरडया घालणार, तेव्हा गवंडी नेऊन उभा केलात तर भांडण ठरलेलं. वरचा थर चायना मोझॅकचा (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांचा) किंवा पांढऱ्या परावर्तक रंगाचा घ्या, खोली थोडी कमी तापेल. काम संपलं की गच्चीवर दोन दिवस पाणी साचवून खालून छत बघा. आणि ठेकेदाराचे शेवटचे दहा-बारा हजार पहिला दणदणीत पाऊस झाल्यावर द्यायचे, हे काम सुरू व्हायच्या आधीच लिहून घ्या.