पतसंस्थेची नोटीस, व्यापाऱ्याचा चेक आणि बिनतारखेचा कागद

प्रश्न: शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. पतसंस्थेच्या ६ लाखांच्या कर्जाचे ८ हप्ते थकलेत. लोखंडाच्या व्यापाऱ्याचं साडेतीन लाखांचं बिल राहिलंय आणि त्याच्याकडे माझा सही केलेला कोरा चेक आहे. दोघंही ‘केस करतो’ म्हणतात. त्याआधी काय करून ठेवू? घर बायकोच्या नावावर करावं का?
– एक वर्कशॉपमालक, कोल्हापूर

उत्तर: घराचं आधी सांगतो. बक्षीसपत्राच्या फंदात पडू नका. येणेकऱ्याला चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली कोर्ट रद्द करू शकतं. शिवाय निकालाआधीच जप्ती मागायला समोरच्याला आयतं कारण मिळतं. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च पाण्यात जातो तो वेगळाच.

तुमच्यामागे दोघं असले तरी त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. पतसंस्था बहुधा दिवाणी कोर्टात जाणारच नाही. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. त्याची नोटीस साधी दिसते, सुनावणीची तारीख असते, आणि ‘कोर्टाची थोडीच आहे’ म्हणून लोक ती ड्रॉवरमध्ये टाकतात. घात तिथेच होतो. दाखल्यातली रक्कम थकबाकीचा अंतिम पुरावा ठरते. पुढे वसुली अधिकारी कलम १५६ आणि नियम १०७ प्रमाणे थेट जप्ती आणि लिलावाकडे वळतो, हिशोब पुन्हा तपासत बसत नाही. दाखल्याविरुद्ध विभागीय सहनिबंधकांकडे दोन महिन्यांत पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण त्यासाठी येणे रकमेच्या ५० टक्के संस्थेत भरावे लागतात. त्यानंतर हायकोर्ट. ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच असल्याने मुंबईची वारी वाचते, वकिलाची फी वाचत नाही.

म्हणून निबंधकांपुढची पहिली सुनावणी हीच खरी संधी. लेखी म्हणणं द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. संस्थेकडून कर्जरोख्याची प्रत आणि पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा मागा. मग उताऱ्याला तुमच्या पावत्या ओळीओळीने लावून बघा. पिग्मी एजंटाकडे ‘कर्जात भरा’ म्हणून दिलेले पैसे ठेवखात्यातच पडून राहिलेत का? भागांची (शेअर्सची) रक्कम आणि सक्तीची ठेव हिशोबात धरली आहे का? दंडव्याज रोख्यात लिहिलेल्या दरानेच लावलंय का? अशी हरकत रकमेसकट मांडली तर ऐकली जाते. ‘धंद्यात मंदी आहे’ याने दाखला थांबत नाही. ते संस्थेकडे हप्ते पाडून मागण्याच्या वेगळ्या अर्जात लिहा.

लेथ कर्जाला नजरगहाण (तुमच्याच ताब्यात राहून तारण) असेल तर ते वाचणार नाही. कारागिराच्या हत्यारांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चं संरक्षण आहे, पण तारण दिलेल्या मशिनला ते उपयोगी पडत नाही.

आता चेक. कोरा होता हा बचाव एकट्याने टिकत नाही. सही तुमची असेल तर तो देण्यापोटीच दिला असं कोर्ट गृहीत धरतं, आणि ते खोडायचं ओझं तुमच्यावर येतं. ‘स्टॉप पेमेंट’नेही चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ टळत नाही. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत व्यापाऱ्याने नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे भरायचे, न भरल्यास पुढच्या एका महिन्यात त्याने तक्रार करायची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाकीट नाकारलं तरी नोटीस मिळाली असंच धरतात; घ्या आणि त्या १५ दिवसांतच वकिलामार्फत उत्तर द्या. चेक दिल्यानंतर काही रक्कम यूपीआयने भरली असेल तर तिचा तपशील आजच व्यापाऱ्याला लेखी कळवा. मधे भरलेली रक्कम वजा न करता पूर्ण रकमेचा चेक वटवायला टाकला, तर त्यावर १३८ चा गुन्हा होत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २०२२ चा निकाल आहे.

साडेतीन लाखांचा व्यवहार व्यापारी वादात मोडतो (३ लाखांपासून पुढे). तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल, तर व्यापाऱ्याला दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची तशी नोटीस आली तर जरूर जा. हप्ते ठरवून घ्यायला त्याहून स्वस्त जागा नाही. तिथे जमलं नाही आणि समरी दावा (पैशाच्या वसुलीचा झटपट चालणारा दावा) लागला, तर समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत कोर्टात हजेरी नोंदवावी लागते. ती चुकली की तुमच्याविरुद्ध हुकूमनामा (कोर्टाचा निकालाचा आदेश) होतो. बेलीफला टाळून काही मिळत नाही, समन्स दाराला चिकटवलं तरी बजावणी धरली जाते. ई-कोर्ट्सच्या ॲपवर अधूनमधून आपलं नाव टाकून पाहात जा.

प्रश्न: मी हायस्कूलमध्ये शिक्षिका आहे. नातेवाइकाच्या कर्जाला जामीन राहिले. आधी कर्जदाराकडून वसुली करायला नको का? माझा सगळा पगार जाईल का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: नको. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि नियमित पगार असलेला जामीनदार कुणालाही सोपा वाटतो. मात्र कोर्टाच्या जप्तीत पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. जप्तीयोग्य पगार ४६,००० धरला तर महिन्याला जास्तीत जास्त १५,००० जातील. एका हुकूमनाम्यापोटी ही कपात एकूण २४ महिन्यांपलीकडे चालत नाही. पीएफला हात लागत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटकही करता येत नाही. पण कर्जाच्या कागदांत शाळेला पगारातून कपात करू देणारं संमतीपत्र सही केलंय का, ते आधी पाहा. ती वसुली जप्ती नसते, त्यामुळे वरचं गणित तिथे धरून चालू नका. जे भराल ते नातेवाइकाकडून कलम १४५ खाली वसूल करता येतं. प्रत्येक भरणा स्वतःच्या खात्यातून आणि ‘जामीनदार म्हणून’ अशी नोंद करूनच करा.

प्रश्न: चार वर्षांपूर्वी ओळखीच्याकडून २ लाख हातउसने घेतले. लेखी काही नाही, मधे काही दिलंही नाही. आता तो म्हणतो, ‘५ हजार तरी दे आणि या कागदावर सही कर.’ करू का?
– एक वाचक, गांधीनगर

उत्तर: वकिलाला दाखवल्याशिवाय नाही. हातउसन्याच्या दाव्याची मुदत पैसे दिल्यापासून ३ वर्षं. मुदतीच्या आत देणं लेखी कबूल केलं, किंवा काही रक्कम भरून तशी स्वतःच्या हाताने वा सहीनिशी नोंद केली, तर ३ वर्षं नव्याने मोजतात. मुदत संपल्यावर नुसत्या ५ हजारांनी ती जिवंत होत नाही. पण ‘बाकी देईन’ असं लिहून सही केली की करार कायद्याच्या कलम २५(३) खाली नवा करारच उभा राहतो. तो कागद बहुतेक वेळा बिनतारखेचा असतो, आणि तारीख नंतर समोरचा घालतो. पैसे द्यायचेच असतील, आणि नैतिक देणं संपत नाही हे खरंच, तर खात्यातून द्या आणि ‘पूर्ण हिशोब मिटला’ अशी त्याची सही घ्या. हा माणूस व्याजाने पैसे फिरवणारा असेल तर सावकारीचा परवाना विचारा. २०१४ च्या कायद्याने बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करता येते.

प्रश्न: फायनान्स कंपनीने चेन्नईत लवाद नेमल्याची नोटीस व्हॉट्सॲपवर आली आहे. खरी धरायची का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: खरी धरूनच चाला. कंपनीने एकतर्फी नेमलेला लवाद चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. तीच हरकत ईमेलने कंपनीला आणि लवादाला लगेच पाठवा. ‘लवाद मान्य आहे’ असं कुठेही लिहून देऊ नका. गप्प राहिलात तर निवाडा होतो आणि त्याची दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) तुमच्याच जिल्ह्यातल्या कोर्टात लागते. निवाड्याला आव्हान द्यायला प्रत मिळाल्यापासून ३ महिने मिळतात, सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस.