पाडव्याला गुजराती शेजाऱ्यांबरोबर मंदिरात

प्रश्न : आम्ही लंडनमध्ये राहतो. शेजारच्या गुजराती कुटुंबाने त्यांच्या नववर्षदिनी नीसडनच्या स्वामीनारायण मंदिरात येण्याचा आग्रह केला आहे. आपले नववर्ष चैत्रात असते आणि आम्ही त्या संप्रदायाचेही नाही. जाणे योग्य ठरेल का? कोणती पथ्ये पाळावीत? त्याच दिवशी घरी पाडव्याचे औक्षणही असते.
— एक वाचक, लंडन

उत्तर : अवश्य जावे. तुमचे शेजारी ज्याला ‘बेसतुं वरस’ म्हणतात, तो कार्तिक शुद्ध प्रतिपदेचा, म्हणजे आपल्या बलिप्रतिपदेचाच दिवस होय. शालिवाहन शक चैत्रात बदलत असला तरी गुजरातेत रूढ असलेला विक्रम संवत याच दिवशी बदलतो आणि आपल्या पंचांगांतही तशी नोंद असते. लक्ष्मीपूजनाला वह्या पूजणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना ती चांगली परिचित आहे. तेव्हा परक्यांच्या सणाला निघालो आहोत, हा संकोच नको.

बल्गेरियातील चुनखडक आणि इटलीतील संगमरवर भारतात आणून, तेथील कारागिरांकडून कोरून घेऊन, मग लंडनमध्ये जोडलेले हे मंदिर १९९५ मध्ये ते उभारणाऱ्या संस्थेचे तेव्हाचे गुरू प्रमुखस्वामी महाराज यांच्या हस्ते खुले झाले. नववर्षदिनी तेथे अन्नकूट असतो : गोवर्धनपूजेच्या कथेला अनुसरून शेकडो शाकाहारी पदार्थ मूर्तींसमोर पायऱ्यापायऱ्यांनी मांडतात, थाळ (नैवेद्य अर्पण करतानाची भक्तिगीते) गातात आणि आरती होते. गर्दी मोठी असते, म्हणून सकाळी लवकर निघावे आणि खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत. मंदिराच्या आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. नैवेद्यात कांदा-लसूण चालत नाही. त्यामुळे घरून काही करून न्यायचे असेल, तर ते स्वीकारले जाईल का, हे शेजाऱ्यांना आधीच विचारावे.

मराठी पाहुणे गडबडतात ते मात्र दुसऱ्याच ठिकाणी. भगवी वस्त्रे दिसली की वाकून नमस्कार करण्याची आपल्याला सवय असते. परंतु या संप्रदायातील साधू ब्रह्मचर्यव्रतामुळे स्त्रियांशी बोलत नाहीत आणि त्यांचा स्पर्शही टाळतात, म्हणून घरातील स्त्रियांनी त्यांच्याजवळ जाऊ नये. सभेतही स्त्री-पुरुषांची बसण्याची व्यवस्था वेगळी असते, त्यामुळे लहान मुले कोणाबरोबर बसतील, हे आधीच ठरवावे. हे नियम प्रत्येकाला पटतीलच असे नाही (आम्हालाही सगळे पटतात असे नाही), तथापि यजमानांच्या देवळात ते पाळणे हेच सभ्यपणाचे आहे.

शेजाऱ्यांना ‘साल मुबारक’ किंवा ‘नूतन वर्षाभिनंदन’ म्हणावे. औक्षण संध्याकाळी निवांत करता येईल. दिवस मात्र शेजाऱ्यांकडून पक्का करून घ्यावा, कारण काही वर्षी दिवाळी आणि नववर्ष यांच्यामध्ये एक रिकामा दिवस येतो, ज्याला गुजराती लोक ‘धोको’ म्हणतात. २०२५ मध्ये दिवाळी २० ऑक्टोबरला होती आणि नववर्ष २२ तारखेला.